सर हयात नव्हते तो हिवाळा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी 'होकायंत्र' हे नाव घेतो. माझ्या वडिलांनाही ते मान्य आहे. होकायंत्र म्हणजे अनसिंगच्या हायस्कुलात आम्हाला भूगोल शिकवणारे सर. हे नाव मुलांनी ठेवलेलं. आमच्या आधीच्या कितीतरी वर्गांपासून ते चालत आलं होतं. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. "निदान कामाची वस्तू तं म्हनता मले," असं ते एकदा भर वर्गात म्हणाले होते.

सर डावं-उजवं कधी म्हणत नसत. "जरा पूर्वेकडे सरक बे." "खडू टेबलाच्या वायव्येले ठेव." पहिला महिनाभर आम्ही गोंधळून जायचो, मग सवय व्हायची आणि ती आयुष्यभर सुटायची नाही. गावातल्या न्हाव्यालाही ती लागली होती. सर खुर्चीत बसले की तो मान धरून म्हणायचा, "सर, जरा उत्तरेले." सरांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांची मोठी बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, नवरा गेल्यावर त्यांच्याकडेच राहायला आली होती. अक्का जेवताना विचारायच्या, "अरे, मिठाची बरनी कुठं ठेवली?" सर ताटातून मान वर न काढता सांगायचे, "तुह्या आग्नेयेले." अक्का भाकरी थापता थापता मला म्हणायच्या, "पाह्य बाप्पा, याच्या घरात जेवाले बसलं का नकाशात बसल्यावानी वाटते."

दुसरी सवय अशी की सरांना गोड बोलता येत नसे. एका ओळखीच्या घरी बारसं होतं. बाळाने रडून मांडव डोक्यावर घेतला होता. बाळाचा बाप हौसेने म्हणाला, "सर, गवई होईन असं वाटते." सर थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आवाज आहे. सूर नाही." शाळेच्या गॅदरिंगला एका पुढाऱ्याने लांबलचक भाषण केलं. आभार मानायचं काम नेमकं सरांकडे आलं. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "साहेबांचे आभार. त्याहिचं म्हननं सुरुवातीलेच संपलं होतं, तरी ते शेवटपर्यंत थांबले." पुढाऱ्याला ती स्तुती वाटली. त्याने टाळ्या वाजवल्या.

सर मूळचे मंगरूळपीरचे, जैन कुटुंबातले. घरी कापडाचं दुकान. भावांनी दुकान वाढवलं आणि सर मास्तर झाले, म्हणून घरात त्यांना 'पगारी' म्हणून चिडवत. दिवाळीला गेले की भाऊ म्हणायचे, "काय पगारी, यंदा किती वाढले?" सर म्हणायचे, "तुमी गादीवरून उठले का तुमची कमाई उठली. मी खुर्चीवरून उठलो तरी माही चालूच राहीन." पेन्शनवर त्यांची अशी श्रद्धा होती. देवळात ते क्वचित जायचे, पण पेन्शनबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली यायचा.

याच श्रद्धेच्या जोरावर त्यांनी मला शिकवलं.

माझे वडील धान्याच्या अडतीवर हमाल होते. आमच्या वस्तीत दहावीनंतर शिकलेलं तेव्हा कोणी नव्हतं. दहावी झाल्यावर मलाही पोती उचलायला न्यायचं, हे घरात ठरलेलं होतं. ते कळल्यावर सर आमच्या दारात आले. वडील नुकतेच कामावरून आले होते, पाठीला तेल लावून घेत होते. हमालाचं म्हातारपण पाठीपासून सुरू होतं. वडिलांचं चाळिशीतच सुरू झालं होतं.

"याले कॉलेजात टाक," सर म्हणाले.

"टाकतो जी, पन शिकून काय करन?"

"मास्तर होईन. पगार घेईन."

"अन् म्हातारा झाल्यावर?"

"मंग पेन्शन."

"ते काय राह्यते?"

"काम बंद झालं तरी पगाराच्या अर्धे पैसे दर महिन्याले. मरेपर्यंत. अन् तो मेल्यावर त्याच्या बायकोले."

वडिलांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "काम न करता?"

"न करता."

"कोन देईन?"

"सरकार देईन."

वडील हसायला लागले. "सर, तुमी तं भूगोल शिकोता ना? मंग हे परीकथा कुठून आनली?"

त्यावर सर जे ओरडले, ते ऐकून अख्खी वस्ती गोळा झाली. "मी शब्द देतो तुले! हे पोरगं म्हातारपनी कोनापुढं हात पसरनार नाही. लिहून ठेव! लिहिता येत नसन तं याच्याकडून लिहून घे!"

असे ते दोन-तीन खेपा आले आणि दर वेळी ओरडले. शेवटी वडील म्हणाले, "जा रे बाप्पा कॉलेजात. नाही तं हा मानूस आपल्याले झोपू देत नाही."

मी शिकलो. शिक्षक झालो. आज मेडशीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे.

माझ्या भरतीची जाहिरात निघाली, निवड झाली, आणि हजर होण्याचा आदेश मात्र लांबला. तेवढ्यात दोन हजार पाच सालच्या नोव्हेंबरची पहिली तारीख उलटून गेली. त्या तारखेनंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली होती. नव्या योजनेत दर महिन्याला आपल्याच पगारातून काही भाग कापायचा, सरकार त्यात आपला भाग घालणार, ते पैसे बाजारात गुंतणार आणि निवृत्तीच्या वेळी जे निघेल ते निघेल. किती निघेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हापिसात चूक झाली असन. दुरुस्त होईन." वर्षभराने पुन्हा विचारलं. मी सांगितलं की चूक नाही, कायदाच तसा आहे. त्यांनी तो शासन निर्णय मागवून घेतला, चष्मा लावून वाचला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"म्हंजे तुह्या बापाले मी खोटं बोललो."

"सर, तुमाले काय मालूम होतं पुढं असं होईन?"

"मालूम नव्हतं हे कारन झालं. शब्द तं देल्ला होता ना?"

तेव्हापासून मी भेटलो की ते आधी विचारायचे, "काय झालं आपल्या कामाचं?" आपलं काम म्हणजे माझी पेन्शन. त्यांची स्वतःची तोवर सुरू झाली होती आणि व्यवस्थित येत होती.

पेन्शनरांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बाकीचे लोक कुरकुरत जातात. सरांसाठी तो सण होता. पहिल्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट, त्यावर गुलाबी स्वेटर, हातात बँकेच्या लोकांसाठी पेरूंची पिशवी. रांगेतून काउंटरपाशी पोहोचले की मोठ्याने सांगायचे, "मी आहो! लिहून घ्या!" काउंटरवरच्या मॅडम हसून म्हणायच्या, "दिसून राह्यले सर, सही करा." मग ते ऐटीत सही करायचे आणि मागच्या म्हाताऱ्यांना दटावायचे, "असे मेल्यावानी काहून उभे आहा? जित्ते असल्याचा दाखला द्याले आले ना?"

मग तो संप आला. जुन्या पेन्शनसाठी सगळ्या जिल्ह्यातले कर्मचारी वाशिमला मंडप टाकून बसले. मार्चची उन्हं होती. दुसऱ्या दिवशी सर अनसिंगहून एसटीने हजर. आल्याआल्या त्यांनी मंडप चुकीच्या दिशेला उघडा आहे म्हणून वाद घातला. "पश्चिमेले तोंड केलं तं दुपारून भाजून निघान. मास्तर लोक ना तुमी?" आणि खरोखर चार तरुण शिक्षकांना कामाला लावून त्यांनी पडदे फिरवून घेतले.

त्या चौघांपैकी एक आमच्याच शाळेतला तरुण शिक्षक, जो माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी लागला आहे, त्याने त्यांना विचारलं, "सर, तुमाले तं पेन्शन आहे. तुमी कायले उन्हात बसून राह्यले?"

"म्हनूनच बसलो. तुमच्या एवढ्या लोकायत एकाले तरी मालूम पाहिजे का नाही, ते मिळाल्यावर कसं वाटते?"

संप मिटला. आम्ही सरांकडे पेढे घेऊन गेलो नाही, नुसतेच गेलो. त्यांनी विचारलं, "काय भेटलं?"

"समिती नेमली सर."

"समितीत म्हातारे आहेत का?"

"असतील."

"त्याहिले पेन्शन आहे का?"

"असेल ना."

"मंग झालं," असं म्हणून ते आत गेले. अक्का म्हणाल्या, "आता हा काही तरी बह्याडपना करते, पाह्यजो तू."

अक्का भावाला पुरत्या ओळखून होत्या. नोव्हेंबर आला आणि सर बँकेत गेले नाहीत. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यात नाही, महिना संपत आला तरी नाही. बँकेतल्या मॅडमनी काळजीने फोन केला. मी तेव्हा सरांच्या ओट्यावर बसलो होतो, म्हणून हे संभाषण मला ऐकायला मिळालं.

"सर, तुमची सही राह्यली."

"सर नाहीत."

"मंग हे कोन बोलून राह्यलं?"

"मॅडम, मेल्या मानसाले इतके प्रश्न विचारू नाही."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "माह्या पोरायले भेटत नाही तोवर मी हयात नाही. सांगून दे तुह्या संघटनेले. संपावर बसलो मी. पेन्शनर मानूस दुसरा कशाचा संप करन?"

मी हात जोडले, अक्कांच्या औषधांची आठवण दिली. अक्कांना साखरेचा त्रास, रोजचं इंजेक्शन. सरांनी मला अर्ध्यातच थांबवलं. समोरासमोर त्यांच्याशी वाद घालता येत नाही, हा सगळ्या विद्यार्थ्यांचा अनुभव. आपलं वाक्य संपायच्या आत ते त्याचं उत्तर देतात आणि मग आपल्याला उरलेलं वाक्य आठवत नाही.

पेन्शन थांबली. संघटनेच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा लोक आधी हसले आणि मग सरांचं कसं चाललंय ते विचारू लागले. वृत्तपत्रात काही आलं नाही. कोषागारात कोणी विचारपूस केली नाही. सरांच्या मरणाची दखल सरकारने अशी घेतली की त्यांच्या खात्यात पैसे टाकणं बंद केलं. बस, एवढंच.

सरांकडे साठवलेलं फारसं नव्हतं. जे होतं ते कोणाकोणाच्या फीमध्ये गेलेलं होतं. संक्रांतीच्या सुमारास मंगरूळपीरचा पुतण्या गाडी घेऊन आला आणि दोघांना आपल्या घरी घेऊन गेला. पुतण्या भला माणूस आहे, त्याची बायकोही भली आहे. त्यांनी सरांना माडीवरची हवेशीर खोली दिली, अक्कांची इंजेक्शनं आणून दिली, एका शब्दाने काही बोलून दाखवलं नाही. अनसिंगच्या घराला कुलूप लागलं.

थंडी सरत आली तेव्हा सरकारचा आणखी एक निर्णय निघाला. ज्या जागांची जाहिरात त्या ठरलेल्या तारखेच्या आधी निघाली होती, पण माणूस नंतर रुजू झाला, अशांना जुन्या पेन्शनचा पर्याय एकदाच देता येणार होता. मी त्यात बसत होतो. आमच्या शाळेतला तो तरुण शिक्षक बसत नव्हता. मी धावत मंगरूळपीरला गेलो. वाटलं, आता तर सर सही करतील.

सरांनी ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "तुहं झालं. त्या पोराचं काय? मंडपात पडदे त्यानंच बांधले होते."

मी परत आलो आणि त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांना पत्र लिहिलं. सर बोलणाऱ्याला मध्येच तोडतात, पण आलेलं पत्र शेवटपर्यंत वाचतात, कारण लिहिणारा समोर नसतो. पत्रात मी शनिवारी येतो असं लिहिलं होतं. सरांनी शनिवारची वाट पाहिली नाही. ते गुरुवारीच अक्कांना घेऊन एसटीने अनसिंगला आले, बँकेत गेले आणि 'इतके दिवस कुठं होते' या प्रश्नावरून मॅनेजरशी जोरात भांडून सही करून मोकळे झाले. नंतर घराचं कुलूप काढलं. मला हे सगळं मॅडमच्या फोनवरून कळलं. अडकलेले महिने नंतर एकदम जमा झाले. माझा अर्जही पुढे मंजूर झाला. त्या तरुण शिक्षकाचं काम अजून व्हायचं आहे, आणि पेन्शनचा मोर्चा असला की सर अजूनही येतात आणि सगळ्यांना उभं राहण्याच्या जागा बदलायला लावतात.

पत्र वाचून त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली होती, ती इथे देतो.

आदरणीय सर,

सविनय जयभीम.

काल तुमच्याकडून निघालो तो थेट वडिलांकडे गेलो. तुमच्या संपाबद्दल मी त्यांना इतके दिवस सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तुम्ही त्यांना दिलेल्या शब्दासाठी हे करत आहात, हेही सांगितलं. ते आधी खूप हसले, मग रागावले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"कोनता शब्द? मले पेन्शन समजलीच नव्हती. मले वाटलं मास्तर पोराले नेन्यासाठी काहीबी सांगून राह्यला. तुले मी पेन्शनसाठी कॉलेजात नाही टाकलं. जनमभर लोकं माह्यावर ओरडले, पोतं हळू ठेव म्हनून, लवकर उचल म्हनून. हा पयला मानूस, जो माह्या पोराच्या भल्यासाठी माह्यावर ओरडला. म्हनून टाकलं. सांग त्याहिले, माहा काही शब्द बाकी नाही."

सर, हा निरोप पोहोचवायचं मी कबूल केलं होतं, म्हणून आधी तो लिहिला. आता माझं.

काल सूनबाईंनी चहा आणला. तुम्ही घोट घेतला आणि म्हणालात, "झकास झाला चहा, बेटा." तो चहा मीही प्यायलो, सर. त्यात ना साखर होती, ना चहा. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सूनबाई बिचारीला वाटलं तुम्हाला आवडला, म्हणून तिने आणखी अर्धा कप ओतला. तुम्ही तोही प्यायलात.

मी तुम्हाला इतक्या वर्षांत खोटं बोलताना पाहिलेलं नव्हतं. मंगरूळपीरहून निघाल्यावर बसमध्ये मला दुसरं काही सुचलं नाही.

आमच्या मंडपात पेन्शनवर कितीतरी भाषणं झाली. टक्के, कलमं, कोर्टाचे निकाल. मला त्यातून जे समजलं नव्हतं ते काल समजलं. ज्या म्हाताऱ्याला दर महिन्याला स्वतःचे पैसे येतात, तोच वाईट चहाला वाईट म्हणू शकतो. पुतण्या कितीही चांगला असला तरी त्याच्या घरात चहा झकासच होतो. आम्ही जे मागतो आहोत ते एवढंच आहे. पण तरुण मुलांना हे भाषणातून पटत नाही. त्यांना मी तुमच्याकडे बोट दाखवून सांगत आलो: पाहा, हा माणूस कोणाचंही ऐकून घेत नाही, असं म्हातारपण आपल्याला पाहिजे. आता मी कोणाकडे बोट दाखवू?

सरकारला तुम्ही नसल्याचं काहीच वाटलेलं नाही, सर. आम्हाला वाटतं. मेलेल्या माणसाला संप करता येत नाही. तुम्ही परत या आणि जिवंतपणी भांडा. ज्या पोराने पडदे बांधले त्याच्यासाठी मीही बसेन. माझं काम झालं म्हणून मी मंडपातून उठणार नाही. हा माझा शब्द, आणि तो मोडला तर माझ्यावर आमच्या वस्तीत येऊन ओरडा.

शनिवारी सकाळची शाळा आहे. सुटली की मोटारसायकल घेऊन निघतो. त्या दिवशी बँक चालू आहे, मी विचारून घेतलं आहे. मॅनेजरला काय बोलायचं ते बोला, मी मध्ये पडणार नाही.

निघण्याआधी सूनबाईंना चहाबद्दल खरं काय ते सांगा. त्यांना वाईट वाटेल. पण पुढच्या वेळी तुम्ही पाहुणे म्हणून गेलात की चांगला चहा मिळेल.

तुमचा विद्यार्थी